एप्रिलात पाणी कोण घालणार? बेळगाव भागात तळी, माळ आणि डोंगर सांभाळणाऱ्यांसाठी

जून लागला की बेळगावापासून निपाणीपर्यंत गल्लोगल्ली रोपं वाटली जातात, फोटो निघतात, आणि पुढच्या शिमग्याला खड्डेसुद्धा सापडत नाहीत. यात आळस थोडा असतो, चुकलेला हिशेब मोठा. नर्सरीतून जितकी मिळाली तितकी रोपं लावली जातात. खरं तर तो आकडा एप्रिलात किती पाणी पोचवता येईल यावर ठरायला हवा. एका रोपाला बारा-पंधरा दिवसांनी १५ लिटर धरलं तर १०० रोपांना एका फेरीला दीड हजार लिटर लागतं. जानेवारी ते मे अशा दहा-बारा फेऱ्या होतात, म्हणजे १५ ते १८ हजार लिटर. ते पाणी कुठून आणायचं, टँकर रोपांपर्यंत जातो का, जात नसेल तर घागरी कोण उचलणार, याचं उत्तर ३० रोपांपुरतंच असेल तर ३०च लावा. उरलेल्या हातांना काम कमी पडत नाही. तळं आहे, घाणेरी आहे, कचरा आहे, वणव्याचा पट्टा आहे.

आधी कुठं जायचं

नवं मंडळ काढायची घाई नको. बेळगाव शहरात तलावांच्या कामात प्यास फाउंडेशन आणि झाडांच्या कामात ग्रीन सेव्हिअर्स यांसारखे गट आहेत. कॉलेजांच्या एनएसएस तुकड्या श्रमदानाला माणसं देतात. खेड्यात तरुण मंडळ, महिलांचा स्त्रीशक्ती गट आणि देवस्थानचे पंच ही तीन दारं आधी ठोठवावीत. त्यातही पंच महत्त्वाचे, कारण लावलेल्या जागेत शेरडं सोडू नका हे तुमच्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं ऐकलं जातं.

गट कसा आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. "गेल्या वर्षी लावलेलं दाखवा" म्हणा. जे लगेच गाडीला किक मारतात त्यांच्याबरोबर जा. जे मोबाइल काढतात त्यांच्याबरोबर फार तर एक रविवार घालवून बघा.

दिवस ठरवताना गावाची घडी बघावी लागते. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत भाताची रोपलावण सुरू झाली की घरात माणूस सापडत नाही. नोव्हेंबरात सुगी, आणि चिकोडी-रायबागकडे ऊसतोड. अनेक गावांत जत्रेआधी किंवा ठरावीक महिन्यांत वार पाळतात आणि त्या दिवशी शिवारात कुणी हत्यार चालवत नाही. पंचांना न विचारता मंगळवार धरला तर फक्त शहरातून आलेली चार पोरं हजर असतात, आणि गावाचं मन जातं ते वेगळंच.

जागा कुणाची?

कुदळ मारण्याआधी सर्व्हे नंबर काढून उतारा बघा. राज्याच्या 'भूमी' संकेतस्थळावर तो दिसतो. गायरान (कन्नड कागदावर 'गोमाळ') असेल तर ग्रामपंचायत आणि तहसीलदार, राखीव जंगल असेल तर वनखात्याचं रेंज ऑफिस, देवस्थानची जमीन असेल तर पंच. बेळगाव शहराभोवतीची बरीच हिरवी मोकळी जागा लष्कराची किंवा कॅन्टोन्मेंटची आहे. तिथं परवानगीशिवाय पाऊलही नको. तलावांचं असं आहे की ४० हेक्टरपर्यंत जमीन भिजवणारे पंचायतराज व्यवस्थेकडे येतात, त्याहून मोठे लघु पाटबंधारे खात्याकडे. भीमगड अभयारण्यात स्वतःहून लागवड, बी टाकणं, झुडपं काढणं काहीच करायचं नाही. वनखात्याने बोलावलं तर त्यांनी सांगितलेलं तेवढंच करायचं.

अर्ज कन्नडमध्ये द्या. मराठी अर्ज द्यावा की नाही हा वाद वेगळ्या व्यासपीठावर घालता येईल. तळ्याचा अर्ज टेबलावर पडून राहिला तर पावसाळा निघून जातो. गल्लीत कन्नड लिहिणारा शेजारी असतोच, आणि तो अर्ज लिहिता लिहिता कामालाही येतो. अर्जात सर्व्हे नंबर, काय करणार आणि काय करणार नाही, तारखा, माणसांची अंदाजे संख्या आणि जबाबदार दोन व्यक्ती एवढं हवं. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. फलक लावायचाच असेल तर कन्नड वर, मराठी खाली. नाहीतर कामापेक्षा फलकाची चर्चा जास्त होते.

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) तिची नोंदवही मागा. गावातली जुनी झाडं, पाणवठे, औषधी वनस्पती त्यात लिहिलेल्या असतील तर निम्मी पाहणी तयार मिळते. वही कोरी असेल तर ती भरायला मदत करणं हेसुद्धा पावसाळ्यात घरबसल्या होणारं काम आहे.

झाडं: कुठं लावायची नाहीत, मग कुठं लावायची

चोर्ला, कणकुंबी भागातले जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ पठारं, उन्हाळ्यात ओसाड दिसतात. तिथं झाडं लावायचा मोह टाळा. पावसात त्याच खडकावर सीतेची आसवं, गेंद, तेरडे फुलतात. इंचभर मातीवर जगणारी ही दुनिया खड्डा खणला की मोडते, आणि लावलेलं झाडही जगत नाही. तळ्याच्या मातीच्या बांधावरही मोठं झाड नको. मुळं बांधात शिरतात, झाड वाळलं की मूळ कुजून पोकळ नळी उरते आणि त्यातून पाणी झिरपायला लागतं. बांधावर वाळा किंवा हरळी लावा. आधीच उभं असलेलं झाड मात्र उपटायला जाऊ नका, त्याने बांधच उखडेल.

जात ठरवताना आजूबाजूला आपोआप काय उगवलंय ते बघा. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जांभूळ, ऐन, किंजळ, नाणा, बेहडा, शिवण, ओढ्याकाठी करंज, उंबर, अर्जुन. गोकाक, रायबाग, अथणीकडे पाऊस कमी, तिथं कडुनिंब, हिवर, खैर, बोर, आपटा, सीताफळ. झटपट हिरवं दिसावं म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया लावू नका. सुबाभळीचं बी इतकं पडतं की पाच वर्षांनी तीच काढायला पुन्हा श्रमदान ठेवावं लागतं.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. ऊन खाल्लेल्या खड्ड्यात किडी-अळ्या कमी राहतात. जांभ्यात पहारीशिवाय खणता येत नाही. माणशी तासाला दोन खड्डे झाले तरी खूप, आणि दोघांत एकच हत्यार असतं, त्यामुळे एका सकाळच्या अडीच तासांत ५० खड्ड्यांना २० माणसं असा हिशेब ठेवा. अंतर १० फूट धरलं तर एकरी ४३५ झाडं बसतात, पण वड-जांभळासारख्यांना ते कमी पडतं. खणताना वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरची माती आधी, तिच्यात दोन-तीन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेलं खत वाळवीला आमंत्रण देतं, आणि तांबड्या मातीत रोपं मरण्याचं ते पहिलं कारण असतं.

रोप किमान तीन फुटी घ्या. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांचं वेटोळं दिसलं तर तो खालचा इंचभर भाग विळ्याने कापून टाका. तसंच लावलं तर दोन-तीन वर्षं झाड बरं दिसतं, मग वाऱ्यात कलंडतं. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतं ती जागा, जमिनीच्या पातळीला यावी, खड्ड्यात खोल बुडू नये. येळ्ळूर, वडगावच्या काळ्या शिवारात पाणी साचतं. तिथं वीतभर उंचवटा करून वर लावायचं. उतारावर खालच्या बाजूला अर्धचंद्राकार माती ओढायची, म्हणजे वरून येणारं पाणी अडतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजून परत आणा. ५० रोपं नेली तर ५० पिशव्या परत, नाहीतर त्या ओढ्यातच जातात.

दोन-तीन चांगले पाऊस होऊन हातभर खोल ओल गेली की लावणी करा. वळवाच्या एका सरीवर लावलेली रोपं जूनच्या उघडिपीत माना टाकतात. बियांतून करायचं असेल तर जांभळाचं बी खाल्ल्यापासून आठ-दहा दिवसांत पेरावं, वाळलं की उगवत नाही. करंज थेट पेरता येतो. बियांचे गोळे डोंगरावर फेकायचा कार्यक्रम मुलांना आवडतो, पण त्यातून उगवून टिकणारं फार थोडं. खर्च आणि माणसं मर्यादित असतील तर तो सोडून द्या.

लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात मेलेली रोपं बदलायची, पावसाळा संपता संपता बुडख्याभोवती दोन फूट गवत काढायचं आणि चार इंच पालापाचोळ्याचा थर द्यायचा, खोडाला न टेकवता. कुंपणाला विकतच्या जाळीपेक्षा बोराट्या-बाभळीचे काटे बरे, कारण जाळी चोरीला जाते. त्याआधी त्या माळावर रोज येणाऱ्या धनगरांशी, गवळ्यांशी बोलून घ्या. त्यांच्या जनावरांना वाट आणि पाणी सोडून उरलेला तुकडा बंद केला तर तेच राखण करतात. न सांगता वाट अडवली तर काटे आठवड्यात बाजूला पडतात.

तळ्यावर

जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ, अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून अर्धं तळं साफ करून महिनाभर सुट्टी घेतली तर काम पाण्यात जातं. फेब्रुवारी ते मे हा काळ धरा: पाणी खाली गेलेलं असतं, काठ चालण्याजोगा असतो. टिबुकली आणि कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या झाडोऱ्यावर घरटी करतात, तेव्हा तो ओढून काढणं म्हणजे अंडी ओढून काढणं. वारा ज्या काठाकडे केंदाळ लोटतो तिथून सुरुवात करा. जाड दोराला तीन-तीन फुटांवर बांबू किंवा रिकामे बंद कॅन बांधून तरंगती आड करायची, दोन्ही टोकं काठावरून ओढत गठ्ठा जवळ आणायचा आणि मग दाताळ्याने बाहेर घ्यायचा. आड नसेल तर सकाळी साफ केलेली जागा दुपारी वाऱ्याने पुन्हा भरते. तुटलेले धागे, बाजूला फुटलेली छोटी रोपं मागे राहिली तर त्यांतूनच नवं उगवतं, म्हणून शेवटचा तास फक्त तुकडे वेचायला ठेवा. तळाच्या गाळात बी बरीच वर्षं जिवंत राहतं. पुढच्या वर्षी कोवळी रोपं दिसणारच, ती हाताने उपटता येतात.

ढीग पुराच्या रेषेच्या वर, काठापासून ५० फुटांवर लावा. यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आठ-दहा दिवसांत ढीग बसतो. मग शेणाबरोबर थर देऊन खत करता येतं. पण तळ्यात गटार किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला नको, जलपर्णी जड धातू शोषून घेते.

केंदाळ वाढतं ते सांडपाण्यावर. म्हणून एक रविवार केंदाळ काढण्याऐवजी चालण्यात घालवा. तळ्याला मिळणारे नाले वरपर्यंत जाऊन बघा, कुठल्या गल्लीचं गटार जोडलंय, ते कागदावर काढा, फोटो घ्या, पंचायतीला किंवा मनपाला लेखी द्या. हा कागद हलला नाही तर केंदाळ दरवर्षी येणार.

गाळ काढायचं मंडळाने परस्पर ठरवू नये, त्यासाठी खात्याची परवानगी आणि आखणी लागते. ती मिळाली तर तुम्ही नजर ठेवायची: जेसीबीने बांधाच्या पायथ्यापासून ३० फुटांच्या आत खणू नये, आणि गाळाखालचा चिकणमातीचा घट्ट थर फोडू नये. तो फुटला की तळं गळतं, आणि नव्या खोल तळ्यात फेब्रुवारीतच पाणी नसतं. काठ उभे कापू देऊ नका, निदान एका बाजूला उथळ उतार राहिला पाहिजे, तिथंच बगळे, तुतवार उतरतात आणि गुरं पाणी पितात. सांडव्यासमोरची झुडपं मे अखेर काढा, आणि बांधावर घुशी-खेकड्यांची बिळं दिसली तर लगेच कळवा.

गणपती विसर्जनाचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी नसतं, विसर्जनाच्या रात्रीच असतं. बेळगावातल्या कपिलेश्वर किंवा जक्केरी होंडा तळ्यांसारख्या गर्दीच्या ठिकाणी पायऱ्यांच्या आधी दोन माणसं आणि निर्माल्याची मोठी पिशवी उभी असेल तर बहुतेक लोक हसत देतात. पाण्यात गेलेलं निर्माल्य काढणं त्याच्या दसपट कष्टाचं. गावातल्या तळ्यावर फुलं वेगळी, प्लॅस्टिक आणि थर्माकोल वेगळं घ्या, फुलांचं तिथंच खत होतं.

कचरा गोळा करायच्या आधी तो नेणारी गाडी ठरवा. शहरात मनपाच्या आरोग्य विभागाला आधी सांगून ठेवलं तर गाडी येते आणि कचरा तुरमुरीच्या कचरा डेपोत जातो. गावात पंचायतीची गाडी. गाडी ठरली नसेल तर पोती तळ्याकाठी राहतात, कुत्री फाडतात आणि आधीपेक्षा जास्त पसरतं. काच वेगळ्या गोणीत, गोणी फक्त अर्धी भरलेली. पेटवून द्यायचं नाही, आणि आग्या मोहोळाखाली तर धूरसुद्धा नको.

घाणेरी, काँग्रेस गवत आणि वणवा

घाणेरी वरून कापली की दुप्पट फुटव्यांनी येते. जमीन ओली असताना बुडखा मोकळा करा, मुख्य मूळ मातीखाली दोन इंचांवर कुदळीने तोडा, झुडूप उपटून मुळं वर करून तिथंच उलटं ठेवा. मुळं मातीला टेकली नाहीत तर ते पुन्हा धरत नाही. फळं यायच्या आधी करा. पक्षी बी आणून टाकतात म्हणून मोकळ्या केलेल्या जागेतल्या मोठ्या झाडांखाली पुढची तीन वर्षं नजर ठेवायची. एका दिवसात दहा गुंठे नीट झाले तर पुरे, एकरभर अर्धवट करू नका. झुडपात पक्ष्याचं घरटं असेल तर तेवढं सोडा. कोयता झुडपांपुरताच. कर्नाटकात झाडतोडीवर १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, झाड परदेशी असलं तरी आधी वनखात्याला विचारा.

काँग्रेस गवत फुलायच्या आधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून उपटायचं. फुललेलं उपटलं तर परागकणांनी दमेकऱ्यांना त्रास होतो. पानांवर काळे पट्टे असलेले पिवळट भुंगे दिसले तर तो तुकडा तसाच सोडा, ते भुंगे हेच गवत खायला मुद्दाम आणून सोडलेले आहेत. मोकळ्या जागी टाकळ्याचं बी टाका, तो दाट वाढून काँग्रेसला दाबतो आणि कोवळा असताना भाजीही होते.

वणव्याबाबत थोडंच: डिसेंबर-जानेवारीत लागवडीभोवती १० ते १५ फुटांचा पट्टा गवत कापून, झाडून मोकळा करा. जाळून पट्टा करायचं काम वनखात्याचं, तुमचं नाही. आग दिसली तर आधी वनखात्याच्या १९२६ वर आणि अग्निशामक दलाच्या १०१ वर कळवा. चढावर, आगीच्या वरच्या बाजूला कधी उभं राहायचं नाही. नायलॉनचे कपडे अंगाला वितळून चिकटतात, म्हणून सुतीच घाला.

माणसं आणि हत्यारं

वीस-पंचवीस माणसं, सकाळी साडेसहा ते नऊ, एवढंच ठेवा. तीन तासांनंतरचं काम म्हणजे जखमा. हत्यार दोघांत एक: एक कापतो, दुसरा वाहतो, मग अदलाबदल. वीस जणांना पाच कुदळी, चार खोरी, दोन पहारी (जांभ्यात खणायचं असेल तर जास्त), सहा विळे-कोयते, दहा बुट्ट्या, शंभर फूट दोर आणि प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी पुरतं. कोयता चालवणाऱ्यांत सहा हात अंतर. चौदा वर्षांखालच्या पोरांच्या हाती कोयता नाही, त्यांना मोजणी आणि पिशव्या द्या.

पाण्यात गुडघ्यापर्यंतच, आणि काठीने तळ चाचपून. जुन्या विटांच्या, गाळाच्या खणी पाण्याखाली दिसत नाहीत. पायाला गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, जखम असेल त्याने काठावरच काम करावं. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तळ्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. दगडांच्या राशीत फुरसं, गवतात घोणस. आधी काठी आपटायची, मग हात घालायचा. साप चावला तर चिरणं, बांधणं, मांत्रिक काही नाही. पाय न हलवता १०८ ला फोन. सापाच्या लसीची चौकशी जवळच्या तालुका रुग्णालयात कामाच्या आदल्या दिवशी करून ठेवा.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या जंगलालगत आणखी एक काळजी. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागांत माकडताप आढळलेला आहे. तो गोचिडांतून येतो, जोर डिसेंबर ते मे. पाचोळ्यात बसू नका, विजार मोज्यात खोचा, घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

वही

एक जाड वही ठेवा. तारीख, जागा, हजर माणसं, काय केलं, किती पोती कचरा, किती रोपं कुठल्या जातीची. चार ठरलेल्या दगडांवर उभं राहून दर तीन महिन्यांनी एकाच दिशेने फोटो. रोपांची मोजणी ऑक्टोबरात एकदा आणि पुढच्या जूनमध्ये एकदा. ऑक्टोबरचा आकडा नेहमी सुखावणारा असतो, खरा आकडा जूनचा. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना. त्या वेळी तळ्यावर किती टिबुकल्या, किती हळदीकुंकू बदकं मोजली ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, वहीतही लिहा. जूनमध्ये वहीतून एक पान कन्नडमध्ये काढून पंचायतीला आणि रेंज ऑफिसला पोच घेऊन द्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला तेच जोडायचं.